मराठी मजकुरासाठी पॅनल डावीकडे नेलं

मी दिवसभर मुद्रितशोधन करते. लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८, म्हणजे रुंदीला भरपूर आणि उंचीला तोकडा. देवनागरीत वर वेलांट्या, मात्रा, रफार, खाली उकार. अक्षर मोठं ठेवलं नाही तर ऱ्हस्व-दीर्घ नजरेतून निसटतं, आणि मोठं केलं की पडद्यावर ओळी कमी मावतात. अशात एक्सएफसीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपचं पॅनल, म्हणजे मेनू, खिडक्या आणि घड्याळ दाखवणारी पट्टी, वरची अख्खी कड अडवून बसलं होतं.

पॅनलवर उजवं क्लिक करून पॅनल प्रेफरन्सेस उघडलं. तिथे मोडमध्ये आडवं, उभं आणि डेस्कबार असे तीन पर्याय असतात. आधी उभं निवडलं. त्यात पॅनल बाजूला जातं खरं, पण खिडक्यांची नावं आणि घड्याळही कुशीवर वळतं. शिरोरेखा काठीसारखी उभी राहिली की मराठी नाव वाचायला मान वाकडी करावी लागते. डेस्कबारमध्ये पॅनल उभंच राहतं, मजकूर मात्र सरळ. माझ्या मते मराठीत काम करणाऱ्याने थेट हाच मोड घ्यावा.

मग ‘लॉक पॅनल’वरची खूण काढली, पॅनल टोकाला धरून डाव्या कडेला ओढलं आणि लांबी १०० टक्के केली. रुंदी ठरते ओळीचा आकार गुणिले ओळींची संख्या अशी. मी ३० पिक्सेलच्या चार ओळी ठेवल्या. त्यात नावं पुरेशी वाचता येतात. मेनू, खिडक्या, ट्रे (छोट्या चिन्हांची जागा) यांचा क्रम आयटम्स टॅबमधल्या बाणांनी लागतो. मधे एक सेपरेटर, म्हणजे दुभाजक, घालून त्याला ‘एक्स्पांड’ दिलं, की घड्याळ आपसूक तळाशी जातं.

कीबोर्ड लेआउटचं प्लगइन मात्र मी मुद्दाम सगळ्यात वर ठेवलंय. मराठीसाठीचा इन्स्क्रिप्ट लेआउट आणि इंग्रजी यांत सारखी ये-जा असते, चालू कोणता आहे ते न शोधता दिसायला हवं. झेंड्याऐवजी अक्षरं दाखवायला सांगितलं. इवलासा झेंडा चटकन ओळखू येत नाही. आणि प्रादेशिक स्वरूप मराठी करून पुन्हा लॉगिन केल्यावर घड्याळात वार-महिना मराठीत आला, याचा मला फार आनंद झाला!

शेवटी पॅनल प्रोफाइल्स या साधनाने ही सगळी मांडणी फाइलमध्ये जतन केली. घरच्या जुन्या संगणकावरही एक्सएफसीईच आहे. तीच फाइल तिथे इम्पोर्ट करून लागू केली.