एकोणिसावा अध्याय

पुण्यात चारचौघांत रडायची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. बसमध्ये किंवा बँकेच्या रांगेत कुणाचे डोळे भरून आले, तर लगेच ‘काय झालं?’, ‘बसा, पाणी घ्या’ सुरू होतं आणि रडणारा माणूस ओशाळून गप्प होतो. पोथीसमोर मात्र कुणी काही विचारत नाही. फार तर शेजारची बाई न बोलता पदर पुढं करते.

माझी मामी कर्वेनगरला राहते. बँकेतून निवृत्त झालेली, हिशेबाला पक्की, भाजीवाल्याकडचे सुटे दोन रुपयेही न सोडणारी. तिच्याकडं अधूनमधून ‘गजानन विजय’चं एकआसनी, म्हणजे एकाच बैठकीत संपवायचं, पारायण असतं. शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्राची दासगणूंची ही पोथी एकवीस अध्यायांची. सकाळी लवकर बायका जमतात, पाटावर फोटो, समोर समई, प्रत्येकीपुढं आपापली पोथी. कुणाची कव्हर घातलेली नवी कोरी, तर कुणाची पानं सुटून दोऱ्यानं बांधलेली. अठरा अध्याय कसे झरझर जातात. एकोणिसाव्यात महाराज हरी पाटलांबरोबर पंढरपूरला जातात, विठ्ठलाकडं निरोप मागतात, आणि तिथं खुद्द महाराजांच्याच डोळ्यांना धारा लागतात. पुढं ऋषिपंचमीची समाधी.

मामीचं रडं त्या ओवीला सुरू होत नाही. दीडेक पान आधीच सुरू होतं. आवाज जाड होतो, चष्मा वर सरकतो, ओवी मध्येच तुटते, मग पलीकडच्या काकू ती तिथून उचलतात आणि वाचन पुढं चालू राहतं. बाल्कनीत पेपर वाचणारे मामा आतला आवाज ऐकून मला म्हणतात, “अठरावा संपला बरं का. आता रुमाल शोधेल.”

मामांचा प्रश्न साधा असतो. ही पोथी तिनं इतक्यांदा वाचलीय, महाराज १९१० साली गेले हे तिला ठाऊक आहे, मग दर वेळी नव्यानं काय होतं? ते इंजिनिअर आहेत. एकदा वाचलेलं मॅन्युअल पुन्हा कशाला वाचायचं, असा त्यांचा हिशेब. मला वाटतं, खरी गंमत त्या आधीच्या दीड पानात आहे. पुढं काय होणार या उत्सुकतेनं भाविक पोथी ऐकतच नाही. काय होणार हे माहीत असतं, म्हणूनच तो आधीपासून हळवा होतो. शिवाय मामीची आई गेली तेव्हा उशाशी हीच पोथी होती. ही गोष्ट ती कधी बोलत नाही, मामाही बोलत नाहीत. पण रुमालाची चेष्टा ते नेहमी बाल्कनीतूनच करतात, आत येऊन कधी करत नाहीत.

पारायण संपलं की पिठलं-भाकरी आणि अंबाडीच्या भाजीचा नैवेद्य, आणि पानं वाढता वाढता ‘अनुभव’ सुरू होतात. त्यांचा साचा ठरलेला. डॉक्टरांनी हात टेकलेले असतात, रात्र असते, पाऊस असतो आणि कुणीतरी अनोळखी माणूस येतो. एका बाईंचा मुलगा लहानपणी तापात फणफणला होता, त्याचा अनुभव मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. आधी त्यात मध्यरात्री देवासारखा धावून आलेला एक रिक्षावाला होता. पुढं त्या रिक्षावाल्याला दाढी आली. मग त्यानं पैसे घेतले नाहीत. आता तो मुलाला हॉस्पिटलच्या दारात उतरवतो आणि वळून पाहावं तर रस्त्यावर रिक्षाच नसते. आता म्हणाल, बाई खोटं बोलतात. मुळीच नाही. ऐकणाऱ्यांचे डोळे ज्या जागी पाणावतात, तिथं गोष्ट दर वेळी थोडी फुगते, इतकंच. हुंकार देणाऱ्या बायकाही ती तितक्याच रचत असतात. त्या रात्री जागून सलाइन लावणाऱ्या डॉक्टरचं नाव अजून एकाही आवृत्तीत आलेलं नाही, याचं मला थोडं वाईट वाटतं.

पण गोष्ट फुगलेली आहे म्हणून डोळ्यांतलं पाणी खोटं, असं मला म्हणता येत नाही. त्या रात्री वाटलेली भीती खरी होती, मुलगा वाचल्यावर पायांतलं बळ गेलं तेही खरं. ते सांगायला बाईंजवळ हाच साचा आहे.

ऐकणाऱ्याची सर्वांत बारीक नोंद मला ज्ञानेश्वरीत सापडते, नवव्या अध्यायाच्या शेवटी. कृष्ण बोलतोय, अर्जुन ऐकतोय, आणि दूर हस्तिनापुरात संजय तेच धृतराष्ट्राला सांगतोय. सांगता सांगता संजयाचीच अवस्था होते: चित्त थबकतं, वाचा पांगुळते, पायापर्यंत रोमांच उठतात, अर्धवट मिटल्या डोळ्यांतून आनंदाचं पाणी झरतं. आठही सात्त्विक भाव त्याला घेरतात, पण सांगायचं काम आहे म्हणून तो कसाबसा सावरतो. आणि समोरचा म्हातारा? पुराच्या पाण्यात बसलेला रेडा जसा उठत नाही, तसा ढिम्म. रेड्याची उपमा ज्ञानोबांची आहे, माझी नव्हे. एकच ग्रंथ, एकच खोली, शब्दही तेच. एकाला घाम फुटलाय आणि दुसऱ्याला पोरांचं काय झालं एवढंच हवंय. मात्र धृतराष्ट्राची मला थोडी बाजू घ्यावीशी वाटते. शंभर मुलं रणात उभी असताना कुठल्या बापाला विभूतींचं वर्णन गोड लागेल?

हे आठ भाव मूळचे नाटकातले. भरताच्या नाट्यशास्त्रात ते नटासाठी सांगितलेत: स्तंभ (जागीच थिजणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य (रंग उडणं), अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं). मन एकाग्र झाल्याशिवाय ते अंगावर उमटत नाहीत, असं भरत म्हणतो. नटाची ही यादी पुढं भक्तानं उचलली. म्हणजे आणता येणारं रडं आणि आपोआप येणारं रडं यांचं नातं जुनंच आहे. उपनगरातल्या एका भव्य मंडपातल्या कीर्तनात मी ते अनुभवलंय. देवाची आई रडू लागली की सिंथेसायझर आपोआप खर्जात जायचा, माइकला घुमारा यायचा, मोठ्या पडद्यावर पहिल्या रांगेतल्या रडणाऱ्या आजींचा चेहरा यायचा. दुसऱ्यांदा तो आला तेव्हा आजींनी आधी पडद्याकडं पाहिलं. मला तिथं काही केल्या गहिवरून येईना, उलट चप्पल सापडेल का याची काळजी लागली.

पुण्याहून दौंडच्या वाटेवर केडगाव स्टेशन लागतं. तिथल्या पंडिता रमाबाईंच्या, निराधार बायकामुलींसाठीच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठी ख्रिस्ती धर्मजागृती झाली. प्रार्थनेत मुली ढसढसा रडत, मोठ्यानं आपली पापं कबूल करत, थरथरत. बाहेर टीकाही झाली. मला कुतूहल वाटतं ते स्वतः रमाबाईंचं. कारण ऐकणाऱ्यांचं दुसरं टोक त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. वडील अनंतशास्त्री, आई, भावंडं तीर्थक्षेत्री फिरत, देवळात पुराणं वाचून पोट भरत. लोक येत, अर्थ कळो न कळो, कानावर पडल्याचं पुण्य घेऊन दक्षिणा ठेवून जात. पुढं आईवडील दुष्काळात गेले. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढं ठामपणे बोलणारी, संस्कृतची ही पंडिता. तिच्या अंगणात शेकडो मुली हमसून रडत होत्या आणि तिनं त्यांना गप्प केलं नाही. त्यांतल्या कित्येक दुष्काळातून आणलेल्या, कित्येक बालविधवा. त्यांना मोठ्यानं रडायला तोवर कुणी जागा दिली होती? त्यातलं किती देवाचं आणि किती मागच्या दिवसांचं, हे वेगळं काढायला मी तरी धजणार नाही. रमाबाई पुढं मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या, १९२२ साली जाईपर्यंत. रडू देणं आणि अर्थ लावत बसणं, दोन्ही एकाच आवारात.

सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात कीर्तन ऐकायला मला आवडतं ते तिथं पडदा नाही म्हणून. पेटी, तबला, झांजा, बुवांचा उपरण्याशी चाललेला चाळा. पूर्वरंगाला, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या, निरूपणाच्या भागाला, एकदा बुवांनी तुकोबांचा अभंग घेतला होता: ‘कन्या सासुऱ्यासी जाये, मागे परतोनी पाहे’. निरूपण शास्त्राला धरून चाललं होतं. जीव म्हणजे कन्या, प्रपंच म्हणजे सासर, माहेर म्हणजे केशव. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तोवर मान हलवत सगळं नीट ऐकलं होतं, एका ठिकाणी बुवांची संस्कृत चूकही पुटपुटत दुरुस्त केली होती. बुवा पहिल्या ओळीवर परतले तसे ते खाली बघायला लागले. मध्यंतर झालं, बुवांना हार घातला, बुक्का लागला, आरतीचं ताट रांगांतून फिरलं. त्यांनी ताटात नोट टाकली, डोळे पुसले आणि आपणहून मला म्हणाले, “मुलगी टोरांटोला असते.”

मी म्हणालो, “मग आता केशव राहिला बाजूला.”

“का बरं?” ते चिडलेच. “तुकोबांनी आधी मुलगीच आणलीय. केशव दुसऱ्या ओळीत आहे. बघा पुस्तकात.” आणि उत्तररंगासाठी, म्हणजे पुढच्या आख्यानासाठी, पेटीचा सूर लागला तसे मांडी बदलून, पाठ ताठ करून बसले.