पैसे दिल्लीचे, मीटर इथला : बडोद्यात गच्चीवर सोलर बसवताना

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं. मीटरची पेटी खालीच, त्यामुळे लाईट बंद. सासूबाई दोन दिवस वरच्या खोलीत मेणबत्तीवर होत्या. पाणी ओसरल्यावर भिंतीवर उरलेली मातकट रेघ मी रंगाऱ्याला पुसू दिली नाही. नेटमीटरचं सोलर, म्हणजे उरलेली वीज ग्रिडला, कंपनीच्या तारांना, देणारं, ग्रिड बंद पडली की आपोआप बंद पडतं, म्हणजे पुरात त्याचा उपयोग नाही, हे मला ठाऊक होतं. तरी हवामान असं बिघडत चाललंय तर आपल्या घरापुरतं तरी काही करावं असं फार वाटत होतं. दिवाळीत ठरवलं.

गच्चीवरच्या सोलरसाठी पीएम सूर्यघर योजना त्याच वर्षी फेब्रुवारीत आली होती. १ कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपये आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी. हे पैसे केंद्राचे. पॅरिस करारात जगाला शब्द भारत सरकारने दिलाय, तेव्हा तो पाळायला पैसाही त्यांनीच काढावा हे रास्तच आहे. पण वीज राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. म्हणजे दिल्लीही कायदा करणार आणि राज्यही. वीज घरोघर पोचवणारी कंपनी राज्याची, दर आणि नेटमीटरचे नियम ठरवणारा आयोगही राज्याचा. सोलर बसवायला आलेल्या मुलाने हे सगळं एका वाक्यात सांगितलं, "बेन, सबसिडी दिल्लीथी आवशे, पण मीटर तो अहींयांथी ज लागशे."

अर्ज भरायला बसले आणि पहिल्याच पानावर अडले. लाईटबिल अजून सासऱ्यांच्या नावावर होतं. ते जाऊन सहा वर्षं झाली. बिल ज्याच्या नावावर, सबसिडी त्याला. मग आधी नावबदल. मृत्यूचा दाखला, वेऱ्याची, म्हणजे घरपट्टीची, पावती आणि बाकीच्या वारसांची संमती स्टँपपेपरवर. सासूबाई घरातच होत्या, पण वन्सं नाशिकला. त्यांनी सही करून कुरिअरने कागद पाठवला, आणि सोबत चिठ्ठी, "आमच्याकडेही याच योजनेतून बसवलंय, बिल आलं की मला कळव." या चिठ्ठीकडे मी पुढे परत येणार आहे.

नाव बदलल्यावर मात्र काम भराभर झालं. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची अट केंद्राने २०२४ च्या नियमांत काढून टाकली, त्याचा आम्हाला थेट फायदा झाला. गच्चीवरून मात्र घरात वाद झाला. उत्तरायणला पतंग कुठे उडवायचे, असं मुलांचं म्हणणं, आणि पापड कुठे वाळवायचे, असं सासूबाईंचं. शेवटी लोखंडी सांगाडा साडेसात फूट उंच घेतला. खर्च वाढला, पण खाली वावरता येतं. ५४० वॅटची सहा पॅनेल बसली, सगळी भारतात बनलेली, कारण सबसिडीची ती अट आहे. प्रत्येकाचा नंबर सोलरवाल्या मुलाने मोबाईलवर स्कॅन केला, मग पॅनेलशेजारी ह्यांना उभं करून फोटो काढला. इन्व्हर्टर मी हट्टाने पहिल्या मजल्यावर लावून घेतला, त्या रेघेच्या कितीतरी वर. वीज कंपनीची माणसं येऊन दुतर्फा मोजणारं मीटर लावून गेली.

आणि सबसिडी अडकली. बडोद्यात वडिलांच्या नावाला 'राव' लावायची जुनी रीत. नवीन बिलावर ह्यांचं मधलं नाव 'दत्तात्रेयराव' पडलं, आधारवर आणि बँकेत नुसतं 'दत्तात्रेय'. हेल्पलाईनवाले म्हणाले, नाव दुरुस्त करणं वीज कंपनीचं काम. कंपनीत कळलं, पोर्टल केंद्राचं, तिथेच विचारा. दोघेही आपापल्या जागी खरं बोलत होते, म्हणूनच मला जास्त राग आला. दोन सरकारं मिळून योजना राबवतात, तर तक्रार घ्यायला दोघांची मिळून एक खिडकी हवी. सात आठवडे गेले. शेवटी सब-डिव्हिजनच्या एका इंजिनिअर बाईंनी मूळ नोंदीतलं नाव सुधारलं आणि पुढच्या पंधरवड्यात पैसे खात्यात आले. त्यांना मी दुसऱ्या दिवशी घरचे लाडू नेऊन दिले.

पण खरा फरक कळला तो फेब्रुवारी-मार्चच्या बिलात. एसी बंद, त्यामुळे आमच्या वापरापेक्षा ३५० युनिट्स जास्त ग्रिडला गेली. आमच्याकडे दर बिलाला हिशेब मिटतो. उरलेलं युनिट सव्वादोन रुपयांनी, म्हणजे ७८७ रुपये ५० पैसे जमा. मी वन्संना फोन केला. त्यांची उरलेली युनिट्स पैशांत मोडली जात नाहीत, पुढच्या बिलात जमा होत जातात आणि शिलकीचा हिशेब मार्चअखेर होतो. दसऱ्यापासून साठलेलं त्यांना थंडी संपेस्तोवर पुरतं. आम्ही ग्रिडला दिलेलं युनिट सव्वादोनला आणि मे महिन्यात एसीसाठी घेतलेलं पूर्ण दराने. योजना तीच, ऊनही तेवढंच, फरक फक्त राज्याच्या आयोगाच्या नियमाचा.

म्हणून सगळं दिल्लीने ठरवावं असं मला वाटत नाही. गुजरातने २००९ मध्येच हवामान बदलाचं वेगळं खातं काढलं, आणि सोलरच्या छपरांत आपलं राज्य देशात आघाडीवर आहे. ते इथल्या सरकारने मनावर घेतलं म्हणूनच झालं. शिवाय आयोग गांधीनगरला आहे. नियम बदलण्याआधी त्यांना मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, आणि हरकत कुणीही साध्या कागदावर लिहून पाठवू शकतो.

माझी लिहून तयार आहे, गुजरातीत, दीड पान. दर बिलाऐवजी वर्षाचा हिशेब करा, एवढीच मागणी. आमचं आणि वन्संचं, दोन्ही बिलांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत.