आमची वाटचाल : साकीनाक्याचा गाळा आणि लोकरीची टाकी

साकीनाक्याच्या गाळ्यात आम्ही आधी लोकरीच्या लड्या साध्याच पद्धतीने धुवायचो, सोडा, साबण आणि रंगायला पार उकळीला आलेलं पाणी. जरा जास्त हलवलं की लोकरीचे खवले एकमेकांत अडकून लडीचा नमदा, म्हणजे घट्ट, आटलेला गोळा होतो, हे या धंद्यातल्यांना सांगायला नको. म्हणून तर अल्ट्रासॉनिक टाकी घेतली, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरींनी धुणारी. तळाला 28 किलोहर्ट्झचे ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेवर थरथरून त्या लहरी सोडणारे भाग, पाण्यात बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि तेच मळ सोडवतात, चोळायची गरजच नाही. फक्त पाणी 45-50 डिग्री ठेवायचं, कारण लोकरीचं मेण 40 च्या आसपास वितळतं, त्याच्या खाली ते नीट सुटत नाही. रंगाला आता आमचं 80 वर भागतं, ॲसिड डाय (लोकरीवर आम्लाच्या पाण्यात चढणारा रंग) आणि थोडं ॲसेटिक ॲसिड.

काही वर्षं बरी गेली.

मग मागच्या गल्लीत एकाने दुकान थाटलं, नाव घेत नाही, मार्केटला माहितीये. अर्धा रेट, टाकीवर 'अल्ट्रासॉनिक' असा हा मोठा स्टिकर आणि आत नुसता हीटर आणि ढवळणी! लोकांचा माल आटला, पण शिव्या कोणाला, तर अल्ट्रासॉनिकला, म्हणजे आम्हालाच. पार्ट्या फोन उचलेनात, आमचा चांगला रंगारी त्यानेच पळवला, मी तर एक टाकी विकायला काढली होती.

तेव्हा टिकले ते एकटे सोलापूरकडचे घोंगडीवाले तात्या. "आधी दाखवा, मग बोला," म्हणाले. मी ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा टाकीत उभा धरला, फुटणाऱ्या बुडबुड्यांनी थोड्या वेळात त्याला भोकं पडली. तात्यांनी उरलेली फॉइल खिशात घातली आणि सरळ मागच्या गल्लीत गेले. तिथून ती जशीच्या तशी कोरी बाहेर आली, आणि मग तात्यांनी ती दोन्ही फॉइलं प्रत्येक व्यापाऱ्याच्या गादीवर नेऊन दाखवली, आम्ही सांगितलंही नव्हतं.

टाकी घेणार असाल तर फॉइल घेऊनच जा, विकणारा चिडला तर चिडू दे. ताजं पाणी भरलं की आधी रिकामीच चालवा, विरघळलेली हवा निघू दे, नाहीतर जोर येत नाही. आणि लोकर कोंबू नका हो, मोकळी पसरा, गठ्ठ्याच्या आत आवाज पोचत नाही. आमच्याकडे येणारे निम्मे लोक हीच चूक करतात आणि मशीनला नावं ठेवतात.

मागच्या गल्लीतला स्टिकर अजून आहे. रेट मात्र त्याने हळूच आमच्याएवढा केलाय.