ट्रकांपासून बंद घरांपर्यंत : आमची वाटचाल

२०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या तेव्हा डिचोलीत आमच्या दारात खनिज वाहायला कर्जावर घेतलेले टिपर उभे होते. "दोन-चार महिन्यांत सुरू होईल," असं जो तो सांगत होता. मध्ये सुरू झाल्याही. २०१८ च्या मार्चात पुन्हा बंद. तोवर आम्ही चिरे, रेती, जुनी कौलं वाहायला लागलो होतो, आणि कौलं वाहता वाहता छपरांची कामं मिळत गेली. फर्म अशी उभी राहिली, आखून-रेखून काही नव्हतं.

जुन्या घराचं काम कौलांपासून सुरू होतं. उतरवायची, घासायची, बोटाने वाजवून बघायची. खणखणीत वाजलं ते ठेवायचं, बद्द वाजलं ते बाजूला. वाळवी वाशाला बहुधा भिंतीत शिरतो त्या टोकाला धरते, मधलं लाकूड शाबूत असतं. टोक कापून जोड दिला की वासा पुन्हा कामाला येतो. चिऱ्यांच्या भिंतीवर कुणीतरी हौसेने सिमेंटचा गिलावा मारलेला असतो. आतली ओल बाहेर पडत नाही, पापुद्रे सुटतात. तो खरवडून चुन्याचा करावा लागतो. यात माल थोडा, मजुरी जास्त, म्हणजे पैसा तालुक्यातल्याच सुतार-गवंड्यांच्या घरी जातो. आमचा मुख्य सुतार पूर्वी खाणीवर वेल्डर होता.

ही कामं करताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. दुरुस्त केलेली निम्मी घरं परत कुलूपबंद व्हायची. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या दर पाच घरांमागे साधारण एक रिकामं निघालं होतं. दुसरीकडे सत्तरी तालुक्यातला मुलगा रोज दुचाकीवरून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात जातो, कारण तिथल्या आसपास भाडं परवडत नाही. कोप्पळ-गदगकडून आलेला गवंडी पत्र्याच्या खोलीत पाच जणांत राहतो. आणि पणजीजवळच्या परवरीत डोंगर कापून 'सेकंड होम' चालूच आहेत! घरं कमी आहेत, हे मला पटत नाही. घरं चुकीच्या माणसांसाठी आणि नोकऱ्यांपासून लांब बांधली जातात.

कुलूप का निघत नाही, ते आम्हाला आता पाठ झालंय. आपल्याकडे वारशात मुलगा-मुलगी समान आणि नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक, म्हणून जावयाची, सुनेचीही सही लागते. ते चांगलंच आहे, पण एक मुंबईला, एक लिस्बनला, एकाचा फोन लागत नाही. दुसरं, भीती. १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा). भाडेकरू बसला की उठणार नाही, हे भाटकारांच्या, म्हणजे जमीनमालकांच्या, घरात बाळकडूसारखं पाजलेलं. एक म्हातारी बाई मला म्हणाल्या, "बाबा, घर पडलं तरी चालेल, पण गेलं असं नको."

म्हणून आम्ही घर दुरुस्त करून ते लायसन्सच्या कराराने (म्हणजे भाडेपट्टा नाही, नुसती राहायची परवानगी), जवळच काम करणाऱ्यांना देण्याची सोय लावतो. खर्चाचा काही भाग आम्ही घालतो आणि भाड्यातून फेडून घेतो. उरलेलं भाडं हिस्सेदारांत वाटलं जातं. सुरुवातीला एका बँकेने "इतकी नावं एका उताऱ्यावर?" म्हणून कर्जाचा कागद परत केला. मग पैसे ओळखीच्या लोकांकडून उभे केले.

ग्रामसभेत मी उठून बोलतो, त्यामुळे काही बिल्डर मित्र आता लग्नाला बोलावत नाहीत. कुठल्या जमिनीवर काय बांधायचं ते ठरवणारा 'प्रादेशिक आराखडा २०११' लोकांनी २००७ सालीच रद्द करायला लावला. पुढे नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खालचे २०२३ चे झोन (जमीन-वापर) बदलाचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवले. शेती आणि डोंगर वाचवायला कोर्टात जावं लागतं, हे दुर्दैव. पण नुसता विरोध करून पोरांना नोकरी मिळत नाही, हेही खरं. माझं म्हणणं सरळ आहे : औद्योगिक वसाहतीत भूखंड देताना कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांची जागा आधी दाखवा, आणि डिचोली-सत्तरीकडे छोटे कारखाने आणा. सगळं किनाऱ्यावर आणि वेर्ण्याला कशाला?

तुमचं घर बंद असेल तर एक-चौदाचा उतारा (आपल्या गोव्याचा सातबारा), घरपट्टीची पावती आणि भावंडांचे फोन नंबर घेऊन या. मे संपण्याआधी या. जून लागला की आम्ही कौलांवर माणूस चढवत नाही.