गोळी द्यायची कुणी?

दिवाळी जवळ आली की आमच्या ओपीडीत एकच मागणी सुरू होते, "मॅडम, सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या." बीड जिल्ह्यातल्या वस्त्याच्या वस्त्या ऊसतोडीला निघायच्या तयारीत असतात. मोठ्या माणसाचा आजार स्थिर असेल तर शक्य तेवढ्या देतोही. लेकराला नव्याने औषध सुरू करताना ते चालत नाही. डोस देऊन बघावं लागतं, बदलावं लागतं.

त्याच गर्दीत बारा वर्षांची ही पोरगी आली. दार तिने कोपराने ढकललं. बोटं एकमेकांना लागू नयेत म्हणून पंजे फाकवून धरलेले, पेरांत भेगा, त्यांत सुकलेलं रक्त. कपड्याच्या साबणाने हात धुते म्हणे. "हापशावरून आणू आणू माझी कंबर गेली, अन् ही घागरीच्या घागरी पाणी नासायली," आई म्हणाली. सगळ्यांना बाहेर पाठवल्यावर पोरगी हळूच बोलली. हात नीट धुतले नाहीत तर बापाच्या पायावर कोयता पडंल, असं तिच्या डोक्यात सारखं येतं. हे खरं नाही, तेही तिला कळतं. तरी थांबता येत नाही.

हा ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार सारखे येतात आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. पण माझ्याकडे येण्याआधी अंगारा झाला, मार झाला, आणि एका डॉक्टरांनी थेट हॅलोपेरिडॉल दिलं होतं, भास-भ्रमाच्या आजारांत देतात ते. त्या औषधाने दुसऱ्या दिवशी मान वाकडी, जबडा आखडलेला. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही लागलं. फेनरगनच्या इंजेक्शनाने सुटणारी गोष्ट, पण ती रात्र त्यांनी देवऋषाच्या ओट्यावर काढली. लेकराशी पाच मिनिटं एकटं न बोलता अशी औषधं लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. कारण त्यानंतर मी "गोळी" म्हटलं की आजी पोरीला पदराखाली ओढायची.

ओसीडीत नुसतं औषध नाही, वर्तनोपचारही लागतो. हात न धुता थांबायचं, भीती चढू द्यायची, ती आपोआप उतरते हे अंगाने अनुभवायचं. सौम्य आजारात तेवढ्यावर भागतं. हिचा आजार तीव्र होता, जेवणही सुटत चाललं होतं. दोन्ही हवं होतं. फ्लुओक्सेटिन या आजारासाठी मुलांमध्ये वापरलं जातं; अमेरिकेत सात वर्षांपुढे त्याला मान्यता आहे. पण त्याच गटातल्या औषधांवर २००४ पासून तिथे ठळक इशाराही आहे, की काही मुलांत सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणजे नेमक्या त्याच आठवड्यांत कुणीतरी जवळ पाहिजे, आणि आईबाप तर निघालेले.

आमच्याकडे कॅप्सूल २० मिलिग्रॅमची, मला सुरुवात १० ने करायची होती. हे औषध शरीरात बरेच दिवस टिकतं, म्हणून २० ची एक दिवसाआड चालते. आजीला लिहिता-वाचता येत नाही. "सोमवार, बुधवार, शुक्रवार," मी म्हटलं. "सोमवारी माझा उपास आसतो, इसरायची न्हाई," ती म्हणाली.

निदान पहिला दीड महिना आईने थांबावं, असा मी आग्रह धरला. बाप खाली बघून म्हणाला, "उचल दोघांची घेतलीय मॅडम. हिला ठिवलं तर अर्धा कोयता होतो. मुकादम ऐकल का?" ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल म्हणजे मुकादमाकडून आधीच घेतलेले पैसे. मग पोरीला सोबत न्यावं का? तिथे आई आहे, पण ती पहाटेच फडात जाणार. पोरगी फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, डोळ्यांसमोर दिवसभर कोयते, आणि डॉक्टर नाही. गावात आजी आहे, आशाताई आहे, आठवड्याला मी आहे. मी गाव निवडलं. कपाशीच्या फवारणीचं औषध खाटेखाली असायचं, ते बापाला घराबाहेर काढायला लावलं, आणि मगच पहिली कॅप्सूल दिली.

आता हात धुणं कमी झालंय. मी समोर बसून तिला टेबलाला हात लावायला लावते, ती डोळे मिटून थांबते. पण गेल्या आठवड्यापासून रात्री झोप नाही, सारखी उठते, आजीवर खेकसते. ही औषधाची बेचैनी, की आईची आठवण? ओसीडीचा विचार केला तर डोस वाढवायला हवा, बेचैनीचा केला तर कमी करायला हवा. मरावंसं वाटतं का, हे मी तिला सरळ विचारलं. नाही म्हणाली. मग तिनेच विचारलं, "आईचा फोन रोज का लागत न्हाई?"

मुकादमाचा नंबर घेऊन मी स्वतः बोलले. रोज संध्याकाळी आईशी बोलणं करून देतो, असं तो म्हणालाय. आजीला झोपेवर लक्ष ठेवायला सांगितलंय, आशाताई एक दिवसाआड चक्कर मारणार आहे. आठवडाभर डोस आहे तोच. फोन होऊनही झोप आली नाही तर औषध कमी करणार, आली तर वाढवणार.