पार्श्वसंगीताची वही : चौथा महिना

दर महिन्याला तीन चित्रपटांचे पार्श्वसंगीत वहीत उतरवायचे, असे मी वर्षारंभी ठरवले होते. हा सबंध महिना मात्र सत्यजित राय दिग्दर्शित ‘पथेर पांचाली’ या एकाच चित्रपटात गेला, आणि त्यातलाही अर्धा एका रडण्यात.

पद्धत नेहमीचीच आहे. पहिल्या फेरीत चित्रपट नुसता पाहायचा, दुसऱ्या फेरीत संगीताचा प्रत्येक तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो ते मांडायचे, आणि तिसऱ्या फेरीत पेटी पुढ्यात घेऊन स्वर शोधायचे. या वेळी पहिल्या दोन्ही फेऱ्या वाया गेल्या, कारण माझ्याजवळच्या जुन्या प्रतीत बासरी तेवढी कळत होती आणि बाकी सगळी खरखर होती. या चित्रपटाच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधील आगीत होरपळल्या होत्या. त्यातून जे वाचले त्याच्या आधारे २०१५ साली प्रदर्शित झालेली दुरुस्त प्रत मिळवल्यावर वहीतली सहा पाने खोडून पुन्हा लिहावी लागली.

ते रडणे सर्वजयाचे, म्हणजे चित्रपटातल्या आईचे आहे. तिचा नवरा हरिहर फार दिवसांनी घरी परततो, आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवतो आणि शेवटी मुलगी दुर्गा हिच्यासाठी घेतलेली साडी बायकोच्या हाती देतो. ती वारल्याचे त्याला ठाऊक नसते. सर्वजया कोसळते, पण तिचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, त्या जागी तार सप्तकातले एक वाद्य आक्रोश करते. माझ्या वहीत त्यापुढे ‘सनई, भीमपलास’ अशी वाद्य आणि राग यांची नोंद होती, आणि तिच्यातले दोन्ही शब्द चुकले होते.

हेडफोन लावून ऐकल्यावर एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना फुंकेऐवजी गजाचे घर्षण जाणवले. वाद्य आहे तारशहनाई, म्हणजे दिलरुब्याच्या कुळातल्या, गजाने वाजणाऱ्या एसराजाला ग्रामोफोनसारखा धातूचा कर्णा जोडून तयार झालेले. ती वाजवली आहे दक्षिणामोहन टागोरांनी. रागाचा घोळ निषादाने (नी) सोडवला. गांधार (ग) कोमल आहे म्हणून मी भीमपलास लिहून मोकळा झालो होतो, पण भीमपलासात निषादही कोमल असतो. पेटीवर कोमल निषाद लावला तर तो बोचू लागला, शुद्ध लावताच सूर मिळाला आणि पटदीप समोर उभा राहिला. पटदीपातले ‘मर्मबंधातली ठेव ही’ लहानपणापासून कानात असलेल्या माणसाने हे इतक्या उशिरा ओळखावे याची थोडी लाज वाटली, परंतु नाट्यगीतात लाडाने येणारा तोच निषाद इथे इतका उघडा पडलेला आहे की ओळख पटायला वेळ लागणे मला क्षम्य वाटते.

हे सारे संगीत रविशंकरांनी सुमारे अकरा तासांच्या एकाच सलग बैठकीत ध्वनिमुद्रित करून दिले, आणि तेही चित्रपटाचा निम्माच भाग पाहून. त्यामुळे श्रेय लिहिताना मी आता दोन रकाने ठेवतो, एक रचणाऱ्याचा आणि दुसरा ती रचना नेमकी कुठे बसवायची हे ठरवणाऱ्याचा. या चित्रपटात दुसऱ्या रकान्यातले सत्यजित रायांचे नाव पहिल्याइतकेच वजनदार आहे. आणखी एक दुरुस्ती केली. मिठाईवाल्यामागून मुले आणि कुत्रा चालत जातात त्या प्रसंगातली सतार मी बेधडक रविशंकरांच्या नावावर टाकली होती. ती छायाचित्रणकार सुब्रत मित्र यांनी वाजवलेली आहे.

तुलनेसाठी ‘सायको’चा (१९६०) स्नानगृहातल्या खुनाचा प्रसंग पुन्हा ऐकला. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी त्या चित्रपटासाठी फक्त तंतुवाद्ये घेतली आणि इतरत्र त्यांवर म्यूट चढवून आवाज दबवला. खुनाच्या प्रसंगात मात्र म्यूट काढल्याने गज थेट अंगावर येतो. दिग्दर्शक हिचकॉक यांना तिथे संगीतच नको होते, हे ध्यानात ठेवून मी तो प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहिला आणि तो बराच लहान वाटला. दोन्हीकडे गजाचेच वाद्य माणसाच्या किंकाळीच्या जागी आले आहे, तरी माझे झुकते माप तारशहनाईला आहे, कारण हरमन यांचे व्हायोलिन घाबरवते आणि ही तारशहनाई त्या बाईजवळ बसते.

पुढच्या महिन्यासाठी विलायत खाँ यांच्या संगीताचा ‘जलसाघर’ (१९५८) काढून ठेवला आहे. त्यात गायक-वादक पडद्यावरच मैफल मांडून बसलेले असल्याने मैफल कुठे संपते आणि पार्श्वसंगीत कुठे सुरू होते हे ठरवणे अवघड जाणार, म्हणून वहीत त्यासाठी तिसरा रकाना आखून ठेवला आहे. त्याला नाव मात्र अजून सुचलेले नाही.