बैरुतचा संसार: कुठला डॉलर, कुणाची वीज

लेबनॉनच्या राजधानीत, बैरुतमध्ये घर भाड्याने घेताना मालकाला आधी दोन गोष्टी विचारायच्या. भाडं ‘फ्रेश’ डॉलरमध्ये की इथल्या चलनात, लिरात, आणि जनरेटरचे अँपिअर किती? खोल्यांचं नंतर बघता येतं.

१९९७ पासून इथे एक डॉलर म्हणजे १,५०७.५ लिरा, असा पक्का भाव होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये निदर्शनं पेटली आणि बँका दोन आठवडे बंद राहिल्या. त्या उघडल्या तेव्हा लोकांचे डॉलर खात्यातच अडकले होते. आकडा दिसायचा, पण डॉलरच्या नोटा मिळायच्या नाहीत. या अडकलेल्या पैशाला लोक ‘लोलार’ म्हणू लागले. रोखीतला किंवा परदेशातून नव्याने आलेला तो ‘फ्रेश’. डिसेंबर २०२१ मध्ये लोलार काढायचा भाव ८,००० लिरा ठरला, तेव्हा बाजारात डॉलर २५ हजारांच्या वर होता. म्हणजे हजार लोलार काढले की ८० लाख लिरा हातात, आणि सराफाकडे, म्हणजे चलन बदलून देणाऱ्याकडे, त्याचे ३२० डॉलरसुद्धा येत नव्हते. शिवाय दरमहा किती काढायचे यालाही मर्यादा. हे सगळं संसदेत कायदा न करता, परिपत्रकांवर चाललं. बँका बुडाल्याचं जाहीर झालं नाही, खातेदार मात्र गपचूप बुडाले.

मार्च २०२३ मध्ये डॉलर १ लाख ४० हजार लिरांपर्यंत गेला, आणि सर्वांत मोठी नोट होती एक लाखाची. त्याच महिन्यापासून सुपरमार्केटांना डॉलरमध्ये किमती लावायची मुभा मिळाली. तोवर सकाळी चिकटवलेली किंमत संध्याकाळपर्यंत खोटी ठरायची. डॉलर देऊन मोड लिरात घेताना काउंटरवरचा भाव आधी वाचावा. बाजारभावापेक्षा तो थोडा कमी असला तर फरक दुकानदाराच्या गल्ल्यात जातो. फाटकी, शाई लागलेली नोट परत येते. शंभर डॉलरच्या जुन्या ‘पांढऱ्या’ नोटेला सराफ नाक मुरडतात, म्हणून भारतातून येताना नव्या निळसर नोटाच आणाव्यात.

आता वीज. महाराष्ट्राने भारनियमन पाहिलंय, पण ९ ऑक्टोबर २०२१ ला इथली दोन मोठी वीजकेंद्रं इंधनाअभावी थांबली आणि सरकारी वीज देशभर गेली. त्या काळात एरवीही दिवसाला एक-दोन तास आली तरी नशीब होतं. बाकी सगळी मदार गल्लीतल्या जनरेटरवाल्यावर. त्याची जोडणी म्हणजे ‘इश्तिराक’, आणि ती अँपिअरवर विकली जाते.

बहुतेक घरं पाच अँपिअर घेतात. २२० व्होल्टला ते होतात १,१०० वॅट. त्यात फ्रिज, दिवे, पंखा, वायफाय आणि टीव्ही निभावतं. इस्त्री लावायची तर बाकीचं बंद. गिझर विसरा. वॉशिंग मशीन थंड पाण्यावर चालतं. पाणी तापवायला लावलं की एकटंच दोन हजार वॅटच्या आसपास ओढतं. गडबड होते ती अदलाबदलीच्या क्षणी: सरकारी वीज आहे म्हणून गिझर लावलेला असतो, ती जाते, काही सेकंदांत सगळा भार जनरेटरवर पडतो आणि ब्रेकर उडतो. हा ब्रेकर घरात नसून बहुधा खाली, जनरेटरवाल्याच्या पेटीत असतो. पाचव्या मजल्यावरून उतरून तो वर करायचा आणि परत चढायचं. म्हणून सरकारी वीज असतानाही गिझर लावणाऱ्याने तिथून हलू नये.

बिलात दोन भाग असतात: अँपिअरनुसार ठरलेला आकार, आणि मीटरवरच्या युनिटांचे पैसे. ऊर्जा मंत्रालय दर महिन्याला दर जाहीर करतं, पण जनरेटरवाला तोच लावेल असं नाही. मीटरचा फोटो महिन्याच्या एक तारखेला काढून ठेवावा. डिझेल महागलं की जनरेटरलाही विश्रांतीचे तास लागतात. त्या दिवसांत मांस-दूध रोजच्यापुरतंच आणायचं आणि फ्रीझरच्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवायच्या, म्हणजे गारवा जरा टिकतो.

पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारा पंपही विजेवरच, त्यामुळे टँकर मागवताना पंपाची वेळ आधी विचारायची. लिफ्टचंही तेच. दारावर तासांचा कागद चिकटवलेला असतो; शेवटची पाच मिनिटं उरली असतील तर जिना धरायचा.